बोरिवलीचे शिबिर आणि कोसबाडची टेकडी

‘शिबिर’ हा शब्द मूळचा सैन्याचा. मोहिमेवर निघालेले सैन्य जेथे तंबू ठोकून रात्र काढी, ते शिबिर. ‘छावणी’चे कूळही तेच. मुक्काम तात्पुरता, आणि तोही पुढे कूच करण्यासाठी, हा अर्थ या शब्दात मुळापासून भरलेला आहे. गेल्या शतकात सेवाकार्याने तो सैन्याकडून उसना घेतला आणि पुढे परत केलाच नाही. आज आपल्या पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यात शिबिराविना महिना सरत नाही. नेत्रशिबिर, रक्तदान शिबिर, संस्कार शिबिर. आणि या सर्वांची व्यवस्था पाहणारे कार्यकर्ते तयार व्हावेत म्हणून नेतृत्व शिबिर. सरावलीसारख्या गावी शनिवारी दुपारी जमावे, व्याख्याने ऐकावीत, गटचर्चा कराव्यात, खेळ खेळावेत, प्रार्थना करावी आणि रविवारी सायंकाळी प्रमाणपत्रे घेऊन पांगावे, हा आता प्रापंचिकांच्या जीवनातील एक परिचित रिवाज झाला आहे.

दीड दिवसात सेवाप्रकल्पाचा नेता घडतो काय? हा प्रश्न विचारणारे कुत्सितपणे विचारतात, तर शिबिरांचे आयोजक त्याचे उत्तर उत्साहाच्या भरात देतात. आम्हांस या दोन्हींपेक्षा इतिहासाकडे पाहणे अधिक फलदायी वाटते. कारण आपल्याच लोहमार्गावर, आपल्याच जिल्ह्याच्या वाटेवर, एका शिबिरातून घडलेले कार्य पुढे देशभर पोहोचले. त्याची कथा शिक्षणक्षेत्रातील लोकांना ठाऊक आहे. परंतु ती बालशिक्षणाची कथा म्हणून सांगितली जाते, कार्यकर्त्यांच्या शिबिराची कथा म्हणून सहसा कोणी सांगत नाही.

तत्पूर्वी थोडे मागे जावयास हवे. सेवेसाठी शिबिर भरविण्याची आधुनिक कल्पना पहिल्या महायुद्धाच्या राखेतून निघाली. पिएर सेरेसोल नावाचा एक स्विस अभियंता १९२० साली काही मित्रांसह फ्रान्समधील व्हर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात गेला. ज्या भूमीवर सैन्यांच्या छावण्या पडल्या होत्या, तेथेच या मंडळींनी कुदळी-फावडी घेऊन घरे व रस्ते नीट करण्यास आरंभ केला. त्या चमूत युद्धात परस्परांविरुद्ध असलेल्या देशांची माणसे होती. शब्दांपेक्षा कृती, असा त्यांचा बाणा. सेरेसोल हा स्वित्झर्लंडच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाचा मुलगा. पण हातात फावडे घेण्याचा त्याला संकोच नव्हता. १९३४ च्या जानेवारीत बिहारला भीषण भूकंप झाला, तेव्हा तो भारतात आला आणि राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेऊन त्याने व त्याच्या मोजक्या सहकाऱ्यांनी नवी खेडी वसविण्यास हातभार लावला. एवढ्या दुरून येऊन बिहारच्या उन्हात माती उपसणारा हा गोरा गृहस्थ तेथील लोकांना विलक्षण वाटला असल्यास नवल नाही.

आपल्याकडेही तोच काळ शिबिरांचा होता. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी तिचे प्रमुख झाले. उन्हाळ्याच्या सुटीत मुलेमुली शिबिरास जाऊ लागली. मात्र आमची कथा त्या दलाची नाही. ती कस्तुरबांच्या नावाने उभ्या राहिलेल्या निधीची आहे.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान महालात, बंदिवासातच, कस्तुरबांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ पंचाहत्तर लाखांचा निधी जमवून तो गांधीजींच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशी, २ ऑक्टोबर १९४४ रोजी, त्यांना अर्पण करावा असे ठरले. युद्धाचे दिवस, महागाई, बहुतेक पुढारी तुरुंगात. तरीही निधी ठरल्या रकमेच्या पुढे गेला. त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक निधी ही संस्था उभी राहिली. ठक्करबाप्पा तिचे चिटणीस होते. गांधीजींचा आग्रह असा की हा पैसा खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठीच वापरावा आणि काम करणाऱ्याही स्त्रियाच असाव्यात.

येथे मोठी अडचण होती, ती माणसांची. पैसा हातात होता. पण खेड्यात जाऊन राहील, एकटी राहील, निंदा सोशील आणि वर्ष-दोन वर्षांत परत फिरणार नाही, अशी स्त्री कोठून आणावी? शहरातील सुशिक्षित मुली सभांना येत, मिरवणुकीत चालत, तुरुंगातही गेल्या होत्या. परंतु तुरुंगात जाणे आणि खेड्यात राहावयास जाणे यांत दुसरे अधिक कठीण असावे, असे त्या काळच्या अनुभवावरून वाटते. म्हणून ग्रामसेविका तयार करण्यासाठी प्रशिक्षण वर्ग व शिबिरे सुरू झाली. महाराष्ट्रात या निधीच्या कार्याची धुरा सासवडच्या प्रेमाबाई कंटक यांच्याकडे होती. त्या मालिकेतील एक शिबिर १९४५ साली बोरिवलीस भरले.

त्या शिबिरास आलेल्या स्त्रियांत पुण्याच्या हुजूरपागा शाळेतील एक शिक्षिका होती: अनुताई वाघ. वय पस्तीस. जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठरलेले असे. अनुताईंच्या वाट्याला मात्र शिक्षण आले. त्या शिकल्या, खेड्यात शिकविले, मग पुण्यास आल्या. हुजूरपागेची नोकरी म्हणजे प्रतिष्ठा होती, पगार होता, शहर होते. एका विधवा बाईला यापेक्षा अधिक काय हवे, असे आप्तेष्टांना वाटले असणार.

शिबिरात त्यांची गाठ ताराबाई मोडकांशी पडली. ताराबाई त्यावेळी त्रेपन्न वर्षांच्या. मुंबईच्या प्रार्थनासमाजी केळकर घराण्यात १८९२ साली जन्मलेल्या, पदवीधर, राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्या राहिलेल्या. आणि ते पद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात लहान मुलांना शिकविण्यास गेलेल्या. या दोघांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापला. त्यांच्या कार्याचे मूळ प्रेरणास्थान होत्या मारिया मॉन्टेसरी. या इटालियन कॅथलिक डॉक्टर बाईंनी ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांस मुद्दाम सांगावीशी वाटते. गरिबांच्या मुलांसाठी निघालेली ती पद्धत पुढे जगभर श्रीमंतांच्या शाळांचे भूषण झाली. तिची साधने महाग, मोजून-मापून घडविलेली. ताराबाईंना हेच खुपत होते. दादरला १९३६ साली त्यांनी शिशुविहार सुरू केले, ते उत्तम चालले. पण खेड्यातील मुलाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहिला. गिजुभाई १९३९ साली वारले. आता ताराबाईंना बोर्डीस जाऊन खेड्यातली बालवाडी काढावयाची होती आणि त्यासाठी सोबतीण हवी होती.

सोबतीण मिळाली ती बोरिवलीस. अनुताईंनी हुजूरपागा सोडली आणि ताराबाईंच्या हाताखाली काम करण्यास त्या बोर्डीस आल्या. १९४५ सालीच बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. तेव्हापासून १९९२ साली मृत्यू येईपर्यंत सत्तेचाळीस वर्षे त्या याच पट्ट्यात राहिल्या.

शिबिराचा अभ्यासक्रम काय होता, व्याख्याने कोणाची झाली, याने येथे फारसे बिघडत नाही. आमच्या मते त्या शिबिरात एकच गोष्ट निर्णायक घडली. जिच्यापाशी काम होते पण माणूस नव्हते अशी एक स्त्री, आणि जिच्यापाशी आयुष्य होते पण काम ठरलेले नव्हते अशी दुसरी स्त्री, या एका छपराखाली आल्या. शिबिराने नेता घडविला नाही. त्याने गाठ घालून दिली. नेता घडविण्याचे काम पुढे बोर्डीने आणि कोसबाडने केले, आणि त्यास दिवस नव्हे, वर्षे लागली.

बोर्डी हे त्या काळीही काही अगदी अंधारातले गाव नव्हते. समुद्रकाठ, चिकूच्या वाड्या, पारशी व इराणी बागाईतदार, आणि १९२० सालापासून गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा. तिचे आचार्य शंकरराव भिसे हे स्वतः आदिवासींच्या कार्यात बुडालेले होते. बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने १९४० साली निघालेल्या आदिवासी सेवा मंडळाशी त्यांचा निकटचा संबंध होता. म्हणजे शहरातून आलेल्या दोन स्त्रियांना पाय टेकण्यास तेथे जागा होती. मात्र गावाबाहेर पडले की चित्र पालटे. वाड्यांच्या आणि गवताच्या जमिनींच्या पलीकडे वारल्यांचे पाडे होते. आणि वारली माणूस त्यावेळी वेठबिगारीत जखडलेला होता. सावकाराचे घेतलेले लग्नाचे कर्ज तो जन्मभर अंगमेहनतीने फेडी. त्यास लग्नगडी म्हणत.

वर्ष तेच, १९४५. जानेवारीत टिटवाळ्यास किसान सभेचे अधिवेशन भरले, त्यास उंबरगाव तालुक्यातील काही वारली गेले होते. ते परत आले, आणि मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमून वेठ न करण्याचा निर्धार झाला. ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार होऊन पाच माणसे मारली गेली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात हा सारा वृत्तान्त दिला आहे. त्यांच्या राजकीय विचारांशी आपले वाचक सहमत असोत वा नसोत, एक साम्य मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. तेथेही काही माणसे एका मेळाव्यास गेली आणि घरी परतल्यावर पूर्वीसारखी राहिली नाहीत. कारण परतण्याच्या वाटेवर त्यांच्यासमोर नेमके काम होते, आणि पाठीशी उभे राहणारे माणूसही लगोलग पाड्यावर येऊन राहिले होते.

असे पेटलेले रान एकीकडे, आणि दुसरीकडे बोर्डीची बालवाडी. प्रारंभी गावातील बऱ्या घरांची मुले आली. हरिजनवाड्यातील व पाड्यांवरील मुले आली नाहीत. आईबाप मजुरीवर, थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली, मुलाच्या अंगावर कपडा नाही; बालवाडीच्या पायरीवर ते येणार कसे? बहुतेक सेवाप्रकल्प याच ठिकाणी अडतात. आम्ही केंद्र उघडले, लोकांनाच त्याचे महत्त्व कळत नाही, असे अहवालात लिहिले जाते आणि प्रकल्प संपतो. ताराबाई व अनुताई यांनी प्रश्न उलटा केला. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात नेली पाहिजे. मग झाडाखाली, झोपडीपुढच्या सारवलेल्या जागेत, जमतील तेवढी मुले घेऊन त्यांना न्हाऊ घालणे, नखे काढणे, गाणी म्हणणे, गोष्टी सांगणे असे सुरू झाले. साधने कोणती? शंख-शिंपले, चिंचोके, पाने, फुले, बिया, खडे, माती. मॉन्टेसरीबाईंच्या घोटीव लाकडी ठोकळ्यांचे काम समुद्रकाठच्या शिंपल्यांनी केले. अंगणातली ही बालवाडी म्हणजेच अंगणवाडी. आज खेड्यापाड्यांत सर्वतोमुखी असलेला हा शब्द याच कामातून आला.

परंतु बोर्डी कितीही झाले तरी पाड्यांच्या कडेला होते. १९५७ साली संस्थेने आपला मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलविला. हा निर्णय आम्हांस पहिल्या निर्णयापेक्षाही मोठा वाटतो. बारा वर्षांत बस्तान बसलेले होते, नाव झालेले होते, पाहुणे भेटीस येत होते. ताराबाईंनी पासष्टी गाठली होती. त्या वयात माणूस सोयीची जागा शोधतो. त्या गैरसोयीच्या जागी गेल्या, कारण ज्यांच्यासाठी काम करावयाचे ती माणसे तेथे होती.

कोसबाडला नवे प्रश्न निघाले. सहा-सात वर्षांचा मुलगा दिवसभर गुरे चारतो, तो शाळेत कसा येईल? तेव्हा शिक्षकच कुरणात गेला. गुरे चरत असताना तेथेच शिकावयाचे, म्हणून तिचे नाव कुरणशाळा. मोठी मुलगी शाळेत यावयाची तर तिच्या कडेवरच्या बाळाची सोय हवी, म्हणून शेजारी पाळणाघर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकमेकींस जोडून. या रचनेस त्यांनी विकासवाडी म्हटले. यातील एकही गोष्ट आधी कागदावर आखून आणलेली नव्हती. मुलाचे न येणे हाच त्यांचा अभ्यासक्रम होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

आणि येथेच, टेकडीवर, बालसेविकांचे प्रशिक्षणही चाले. ते शनिवार-रविवारचे नव्हते. शिकाऊ बाई तेथेच राहत, पाड्यावर जाऊन मुलांना हाताळीत आणि संध्याकाळी घडलेल्या गोष्टीचा विचार करीत. व्याख्यान होई, पण दिवसभराचा अनुभव गाठीशी असताना होई. त्यामुळे प्रश्न विचारणारीला आपण काय विचारीत आहोत ते ठाऊक असे. अनुताई स्वतः तशाच शिकल्या होत्या. शाळेच्या परीक्षांचा मार्ग त्यांनी पुढेही सोडला नाही. पन्नाशी उलटल्यावर त्या पदवीधर झाल्या.

ही पद्धत आपल्या धर्मसभेच्या परंपरेस परकी नाही. बेल्जियमच्या जोझेफ कार्डाइन या धर्मगुरूंनी १९२५ साली तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ सुरू केली, तेव्हा पाहणे, पारखणे आणि कृती करणे असा तिहेरी क्रम घालून दिला. पोप तेविसावे योहान यांनी १९६१ सालच्या आपल्या विश्वपत्रात त्याची शिफारस केली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशपत्रात त्यांच्या घडणीस एक स्वतंत्र प्रकरणच दिले. गंमत अशी की आपल्या शिबिरांत या तीन पायऱ्यांवर व्याख्यान होते, फलकावर आकृती काढली जाते, आणि पहिली पायरी, म्हणजे पाहणे, तीच राहून जाते. सभागृहाचे दार बंद असते.

नंतरच्या काळात शिबिर ही सरकारी व्यवस्थाही झाली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तीत आरंभी ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी होते. दत्तक खेड्यात सात दिवसांचे शिबिर हा तिचा ठरलेला भाग. या योजनेने असंख्य मुलांना पहिल्यांदा खेडे दाखविले, हे तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. रस्ता, बंधारा, शौचालयाचे खड्डे अशी कामे झाली. पण सात दिवसांनंतर त्या खेड्यात कोण परत जातो, याची नोंद ठेवण्याची प्रथा फारशी पडली नाही. त्याउलट २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडीचे नाव व बरीचशी कल्पना उचलली आणि गावातलीच बाई सेविका म्हणून नेमली. ती कोठून येत नाही, म्हणून तिला परत जाण्याचाही प्रश्न नाही. तिचे मानधन तुटपुंजे आहे आणि कागदपत्रांचा बोजा अमाप. तरी ही योजना पाच दशके तिच्यामुळेच टिकून आहे.

आता सरावलीकडे येऊ. जनगणनेने या गावास शहर म्हटले आहे, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. बोईसरची वस्ती कोठे संपते आणि सरावली कोठे सुरू होते, हे नवख्यास कळत नाही. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत, पलीकडे समुद्राकडे १९६९ साली सुरू झालेले अणुविद्युत केंद्र. त्यांच्यामागून देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली कामगार कुटुंबे, आणि या सर्वांच्या आधीपासून येथे असलेले आदिवासी पाडे. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या, आज येथे तर उद्या तेथे असणाऱ्या कामगाराचे मूल अंगणवाडीच्या पटावर यावयाचे तर कोणी तरी त्याच्या दाराशी गेले पाहिजे. ताराबाईंसमोर गुराखी मूल होते. आपल्यासमोर हे आहे. भाषा निराळी, आईबाप पाळीवर, धाकट्यास सांभाळणारी बहीण मात्र तीच.

तेव्हा नेतृत्व शिबिरे बंद करावीत असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. दीड दिवस हा पुरेसा अवधी आहे. बोरिवलीस जे घडले ते घडण्यास एक संध्याकाळही पुरे होते. फक्त शिबिराची निमंत्रणे पाठविताना वक्त्यांच्या यादीआधी दुसरी यादी करावी. पंचक्रोशीत कोणाच्या हाती काम आहे आणि माणूस नाही? पाड्यावरची सेविका, रुग्णालयाच्या दारात बसणाऱ्या नातेवाइकांची विचारपूस करणारी धर्मभगिनी, दारू सोडलेल्यांचा गट चालविणारा निवृत्त कामगार. अशांना व्यासपीठावर नव्हे, तर जेवणाच्या पंगतीत शिबिरार्थींच्या शेजारी बसवावे. रविवारी सकाळचे एक व्याख्यान गाळून त्या वेळात शिबिरार्थींनी दोघादोघांनी वस्तीत जावे. सायंकाळी प्रमाणपत्राऐवजी प्रत्येकाच्या हाती एका माणसाचे नाव आणि पुढल्या शनिवारची वेळ द्यावी. सहा महिन्यांनी पुन्हा तीच मंडळी जमवावी आणि कोण टिकले ते पाहावे. चाळीसपैकी दोघे टिकले तरी ते शिबिर आम्ही यशस्वी मानू. बोरिवलीच्या शिबिरातील इतर ग्रामसेविकांचेही आपापल्या ठिकाणी काम झालेच असेल. परंतु इतिहासाने लक्षात ठेवली ती एक जोडी.

त्या जोडीतील ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. संस्थापक गेला की संस्थेचा दिवा मंद होतो, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. कोसबाडला तसे झाले नाही, कारण अठ्ठावीस वर्षे सोबत काम केलेली बाई तेथे होती. अनुताईंनी पुढील एकोणीस वर्षे टेकडी सांभाळली, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक लिहिले. १९८५ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

बोईसरहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसले की वाणगाव, मग डहाणू रोड, मग घोलवड. बोरिवलीहून बोर्डीस जाणारी वाटही याच रुळांवरून जाते. सरावलीच्या पुढल्या शिबिराचा रविवार सभागृहाऐवजी त्या टेकडीवर घालविता येईल. सकाळी निघाले तर संध्याकाळच्या आत परतणे होते.